खोऱ्यातली पाहुणी

—नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा पाय हलतो, इकडे बाकावर या माझ्याशेजारी. तुमचा विषय यायला अवकाश आहे. आत अजून पाण्याच्या पंपावरून चाललंय, आणि पंप म्हटला की आमच्या सभेला भूक-तहान लागत नाही. तर तुम्हीच ना ते, सुताराच्या मुलीशी लग्न करून इथे राहायचं म्हणणारे? बरं. बूट छान आहेत. चिखलाचे नाहीत, पण छान आहेत.

घाबरलात होय? घाबरू नका. मीसुद्धा बाहेरचीच. खरंच. पुलापलीकडच्या शहरातून सून म्हणून आले, तेव्हा केस काळे होते. आता मला कुणी बाहेरची म्हणत नाही— म्हणजे मधे एकदा म्हणाले, पण ते— बघा, सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुमचा गोंधळ होईल. पुलाच्या वरचं हे सगळं खोरं मूळचं या लोकांचं. सरकार इकडे पोचलं, तेव्हा यांच्या आजोबांच्या काळात करार झाला, की नदी तुमची, रान तुमचं, कारभार तुमचा तुम्ही करायचा. सह्या झाल्या, फोटो निघाले, आणि सरकार विसरलं. विसरलं म्हणजे काय, वर चौकी बसवली आणि आमच्याच रानात लाकडाला आमच्याकडूनच पावती मागायला लागलं. मग भांडण. किती वर्षं ते विचारू नका, माझ्या मुलांची लग्नं त्यात होऊन गेली. आणि मला सरकारी भाषा येते, तोंडही आहे, म्हणून बोलणी व्हायची तिथे मला पुढे बसवायचे. हे माझ्या मागे बसायचे— हे म्हणजे आमचे हे.

सगळ्यात जास्त कशावर अडलं असेल? रानावर? नाही. आमची माणसं कोण, हे कुणी ठरवायचं, यावर अडलं. समोर सरकारचा एक गोरागोमटा साहेब होता, तो म्हणाला, यादी सरकार करील. मी म्हटलं, साहेब, तुमच्या घरी जेवायला कोण बसणार हे मी ठरवते का? आमची माणसं आम्ही ठरवू. तो पाणी प्यायला, बाहेर गेला, कुणाला तरी विचारून आला, आणि मान्य केलं. त्या दिवशी ट्रकच्या मागे उभं राहून आम्ही गात आलो, आणि यांनी सगळ्यांसमोर माझा हात धरला होता. आमच्यात असं कुणी धरत नाही हो.

मग आमची पहिली सभा. पहिलाच ठराव— मत कुणाला? तर जे इथे जन्मले त्यांना. आणि मी पहिल्या रांगेत, मोठ्या कौतुकाने मान डोलावतेय. हात वर गेले. तेवढ्यात मागून कुणीतरी हळूच म्हणालं, वहिनी, म्हणजे तुम्हालाही नाही बरं का. मी वळून बघितलं, तर यांचा हात वर. पूर्ण नव्हता, कोपरापर्यंत होता, पण कोपरापर्यंतचा हातही मोजतात. साऱ्या सभेत एकीचाच हात खाली— माझ्या धाकट्या जाऊबाईंचा. त्या इथल्याच, त्यांना मत मिळणारच होतं, तरी.

आठवड्याच्या आत तो साहेब जीप घेऊन दारात. चेहरा असा, जसं काही माझ्या घरी कुणी गेलंय. म्हणाला, ताई, तुमच्यावर अन्याय झाला, तुम्ही नुसता अर्ज करा, बाकी आम्ही बघतो. बघणार काय? मी अर्ज केला की सरकार परत आत, आमची माणसं ठरवायला. म्हटलं, चहा घ्या आणि या. जीप वळेपर्यंत हसत होते मी. मग चुलीपुढे जाऊन बसले, आणि धूर झाला डोळ्यांत. चूल पेटलेली नव्हती, ते जाऊ द्या.

आता करायचं काय? सरकारकडे जायचं नाही, गप्पही बसायचं नाही. मग मी पाहुणी झाले. सकाळी उठले, चांगली साडी नेसले आणि ओट्यावर बसून राहिले. यांनी विचारलं, चहा? म्हटलं, चालेल, साखर कमी. पाहुणी चूल पेटवते का? शेजारीण बाळाला न्हाऊ घालायला बोलवायला आली, म्हटलं, अगं, बाहेरच्या बाईच्या हातात बाळ देतेस? सरकारकडून कागद आला, वाचायला घेऊन आले, म्हटलं, तुमच्या घरातल्या गोष्टी, मी कशी वाचू? जिथे जाईन तिथे खुर्ची मागायची, पाणी मागायचं, वर घराची स्तुती करायची. अख्खं खोरं टेकीला आलं. यांनी तर भात असा केला एकदा, की कुत्र्याने माझ्याकडे बघितलं.

शेवटी हे ओट्यावर येऊन बसले. म्हणाले, तुला वेगळं मत कशाला हवंय? घरात तुझंच तर चालतं. मी म्हटलं, "घरात चालतं, कारण तुम्ही चालवून घेता. सभेत मत असलं, की कुणी चालवून घ्यायची गरज नाही, म्हणून हवंय." हे मग उठून भांडी घासायला गेले.

पुढच्या सभेत मला बोलू दिलं. मी एवढंच म्हटलं, "त्या टेबलापाशी मी 'आमची माणसं' म्हणत होते, तेव्हा तुम्ही सगळे मागे बसला होतात. कुणी माझा पदर ओढून सांगितलं नाही, की बाई, 'त्यांची' म्हण." कुणी वर बघेना. मग ठरलं, लग्न करून येऊन दहा वर्षं राहिलेल्याला मत. या वेळी यांचा हात बघायला हवा होता तुम्ही, खांदा निखळेल असा वर. म्हणजे तुम्हाला दहा वर्षं थांबावं लागेल हो. हसताय काय, दहाचा आकडा मीच घातला. कुणी पाचही म्हणत होतं. उगीच कुणीही यायचं आणि लगेच मत द्यायचं म्हणजे काय.

मग प्रमुख निवडायचा होता. त्याला हात वर नाही, पेटीत चिठ्ठी. उभे दोघंच, आमचे हे आणि धाकट्या जाऊबाई. जाऊबाई आल्या निवडून, थोडक्यात. आता आत पंपावरून सगळ्यांना गप्प करतायत ना, त्याच. आणि हे तेव्हापासून भावाशी धड बोलत नाहीत. म्हणतात, सख्खा भाऊ असून त्याने बायकोला मत दिलं. आणि त्या बिचाऱ्या भाऊजींनी दिलं होतं यांनाच. जाऊबाईंनीच मला सांगितलं, ते कळल्यावर किती दिवस त्यांना जेवायला वाढलं नाही म्हणून. म्हणजे मार दोन्हीकडून त्यांनाच, आणि मत तर— आता त्या दिवशी हात खाली ठेवणाऱ्या एकट्या त्याच होत्या, मग मी दुसऱ्या कुणाला देणार होते—

—हे मी का सांगितलं तुम्हाला? तुमचा चेहराच तसा आहे, माणूस बोलत सुटतो. हे बघा, तुम्ही काही ऐकलं नाही. भाऊजींना कळायला नको, यांना तर— दार वाजलं का?

अहो, काही नाही, नियम सांगत होते या पाहुण्यांना. हो, दहा वर्षं म्हटलं. घाबरलेत जरा.

उठा आता, बोलावतायत. आमच्या यांच्या मागोमाग जा. आणि वाटेत यांच्याशी काही बोलू नका.