पिवळा मॉनिटर आन् निळा नवरदेव

माझं नाव मंगल. माहेर शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठाला. आज्याची मेंढरं व्हती, वडलांनी ती इकून विहीर पाडली, तवा कुठं आमचं घर एका जागी बसलं. दहावी झाल्यावर शिरूरला कॉम्प्युटरच्या क्लासला जायची मी, वडील म्हणायचे, शिक बाई, काय शिकतीस ते मला कळंना पण शिक. लग्न होऊन इकडं वरवंडला आले. आमचे मालक शेवंतीची फुलं टेम्पोत घालून पुण्याला नेत्यात आन् माझं हे हायवेच्या कडंला दुकान, लग्नपत्रिका, बॅनर, ऑनलाईन फॉर्म, जे येईल ते.

आता ह्या कॉम्प्युटरचं काय सांगू तुम्हाला. पयला जो व्हता तो इतका थकला व्हता का बटण दाबून मी घरात जाऊन कणीक मळून यायची तरी त्याचं आपलं गोल गोल फिरणं चाललेलंच. मग म्हणलं नवा करायचा, पण तयार न्हाई आणायचा, आपण सोता जोडायचा. मोबाईलवर व्हिडिओ बघून बघून पाठ केलं, पुण्याच्या दुकानदाराकडनं समदं सामान मागवलं. मॉनिटर तेवढा जुनाच ठिवला, चांगला व्हता, आन् त्याची केबलपण जुनीच, ती निळ्या तोंडाची, दोन बाजूंना स्क्रू असतात बघा, ती. एक दुपार गेली जोडण्यात आन् पयल्याच दमाला चालू झाला. मी आख्खी आळी गोळा केली. सासूबाईंनी नारळ फोडला, हळदीकुंकू वाहिलं, आन् शेजारच्या हॉटेलवाल्यालासुद्धा मी हात दाखवून सांगितलं, ह्या हातानं केलंय, ह्या.

फकस्त एक झालं, पडदा जरा पिवळा दिसायचा. जरा म्हंजी काय, पांढरा कागद उघडला तर बेसनात बुडवून काढल्यावानी. मी म्हणलं नवीन मशीन हाय, रुळंल. सासूबाई म्हणाल्या अगं हळद जास्त वाहिली का काय मी.

त्याच आठवड्यात गावातल्या शांताकाकू आल्या. त्यांच्या पोराचं, इकासचं लग्न. मांडवाच्या तोंडाला लावायला मोठा बोर्ड पाहिजे, त्यात एकटा नवरदेव, फेटा बांधलेला. फोटो उघडला तर पोराला कावीळ झाल्यागत दिसतंय. पडद्याचा पिवळेपणा तवर माझ्या डोळ्यांच्या सवयीचा झालता, मला वाटलं फोटोवाल्यानं घोळ घातला. मग मी पिवळं कमी करत गेले, निळं वाढवत गेले, वाढवत गेले, पार पडद्यावरचा पिवळा मंद होईस्तवर वाढवलं आन् फाईल दौंडला छापायला पाठवून दिली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड आला आन् काकूंच्या माणसांनी बांधलासुद्धा. मी बघायला गेले. इकास निळा. तोंड निळं, कान निळे, हसताना दिसणारे दात निळे. खाली लिवलंय आपले सहर्ष स्वागत. पोराचा मामा कमरेवर हात ठिवून हुबा, मला म्हणला, मंगलबाई, आमचं पोरगं काय इख पिऊन बोहल्यावर चढतंय का.

हसू नका, पुढचं ऐका. नवरीचा चुलता त्याच रस्त्यानं कामाला चालला व्हता, त्यानं बोर्ड बघितला आन् गावी फोन लावला का तोंड निळं पडलंय, पोराला छातीचा आजार दिसतोय, आपल्यापासून लपवलाय. लग्न परवावर आलेलं आन् तिकडनं काकूंना निरोप, डॉक्टरचा कागद दाखवा, मगच हळद.

दुकानात आले आन् पुण्याच्या दुकानदाराला फोन लावला, तुमचा माल खराब, तुम्ही बाईमाणूस बघून फसवलं, नको नको ते बोलले. तो बिचारा म्हणतोय ताई एकदा केबल बघा. मी म्हणलं केबल मला शिकवू नका, परवापर्यंत जुन्यावर चालत व्हती. मग मी सेटिंगा धुंडाळल्या, डोळ्यांना त्रास नको म्हणून पडदा पिवळट करायची एक सोय असती ती बघितली, ती बंदच. सॉफ्टवेअर काढून परत टाकलं. हॉटेलवाला म्हणला होल्टेज कमी हाय. सासूबाईंनी मीठमोहऱ्या-मिरच्यांनी कॉम्प्युटरची दृष्ट काढली, दुकानातली समदी खोकून खोकून बाहीर पळाली, पडदा पिवळा तो पिवळाच.

तेवढ्यात आप्पा आले. आप्पा म्हंजी दौंडला रेल्वेत सिग्नलच्या तारा बघायला व्हते, रिटायर होऊन आता गावात असतात, पेन्शनच्या दाखल्यासाठी आलते. माझे डोळे बघून म्हणले काय झालं गं. मी समदं सांगितलं. ते म्हणले ती मागची वायर काढ बघू. काढली तर मॉनिटरवर चौकोन आला, नो सिग्नल. आप्पांना इतकं हसू आलं, म्हणले, ही तर आमच्या खात्याची तक्रार. मग चष्मा पुसून जवळ गेले आन् म्हणले, मंगल, ही अक्षरं कशी दिसत्यात. मी बघितलं तर पांढरीफेक, दुधासारखी. म्हणले, मग मॉनिटरला पांढरं दाखवता येतंय की, दिवा चांगला हाय, घोळ लाईनीत हाय, आण ती वायर.

केबलचं तोंड उजेडात धरलं. तीन रांगांत बारीक पिना, आन् पयल्या रांगेतली एक पार आडवी निजलेली. त्या पिनेतनं निळा रंग येतो, तो येईना म्हणून समदं पिवळं. आन् आडवी कुणी केली? मला लगीच आठवलं. जोडताना घाईत उलटी लावली व्हती, बसंना म्हणून जोर दिला व्हता. ह्या हातानं.

भुवयांचा चिमटा आणला, श्वास धरून पीन सरळ केली, लावली, पडदा पांढरा झाला. आन् त्या पांढऱ्या पडद्यावर इकास, निळाशार. मी हसतीय का रडतीय मलाच कळंना.

नवी फाईल दौंडला पाठवली आन् तशीच काकूंकडं गेले. म्हणलं काकू, चूक माझी हाय, मशीनची न्हाई का कुणाची न्हाई, माझी. काकूंनी चुलत्याला फोन लावून माझ्या हातात दिला. मी म्हणलं, दादा, पोरगा ठणठणीत हाय, आजारी माझी केबल व्हती. चुलता म्हणतोय, बाई, आम्ही पोरगा बघायला आलो तवा गोरा दिसला ते खरं का तेबी तुमच्या केबलचं? काकूंना हसू फुटलं, तिकडंबी हसायला लागली, आन् हळद लागली एकदाची.

सगळं पार पडल्यावर पुण्याला फोन केला, माफी मागितली. तो दुकानदार म्हणला, ताई, शिव्या रोजच खातो, परत फोन करणारं माणूस क्वचित भेटतं.

निळा बोर्ड काकूंनी टाकला न्हाई, कडब्याच्या गंजीवर घातलाय, पावसाळ्यात लई कामाला येतो, आन् इकासची बायको वैरण काढताना त्यावरच्या निळ्या नवऱ्याला रोज इचारती, बरं वाटतंय का आता. यवतच्या दोन पोरी माझ्याकडं शिकायला येत्यात, त्यांना पयल्या दिवशी मीच हे सांगते, न्हाईतर गाव सांगतंच, तिखटमीठ लावून. गावात आता मला समदी निळीताई म्हणत्यात. चिडून काय करणार, कामाला आलेलं माणूस हाक मारतंय, मी ओ देते.