तिसरा दिवा

दाढ ठणकायची थांबली म्हणून शिंपीणबाई नंबर यायच्या आधीच दातांच्या दवाखान्यातून निघत होत्या. तेवढ्यात शेजारी एक जोडपं येऊन टेकलं. नवऱ्याचा गाल टम्म सुजलेला, बायकोच्या अंगावर कागद गिरणीतल्या वायरमनचा डगला.

“अगं, यंत्रं चालू होती ना? मग बंद कशाला केलीस?”

“अहो, विजेच्या फळ्यावर तीन दिवे असतात. सगळं ठीक असलं की तिन्ही सारखे मंद. आज एक विझला आणि दोन झगझगले.”

“बल्ब गेला असेल.”

“मुकादमांनी दोनदा बदलला. वर म्हणाले, उजेड कसा छान पडलाय!”

“मग?”

“एक तार कुठेतरी जमिनीला टेकली होती. आमच्याकडे एक टेकली तर काही अडत नाही. दुसरी टेकली की भडका! म्हणून सवड आहे तोवर लगदा उतरवला, एकेक यंत्र शांतपणे थांबवत गेले. पंप थांबवला आणि तिन्ही दिवे पुन्हा सारखे.”

“साहेब चिडले असतील.”

“चिडले तर! पंपाची सोललेली केबल दाखवली, तेव्हा चहा पाजला.”

“बरं, पण मला कशाला ओढून आणलंस? दुसऱ्या बाजूने मस्त चावता येतंय की!”

“म्हणूनच आणलं.”

आतून हाक आली. तो कुरकुरत गेला.

“मावशी, तुम्ही निघालात का?”

“छे गं,” पिशवी पुन्हा मांडीवर घेत शिंपीणबाई म्हणाल्या, “मी कुठे निघालेय!”