डबीवरची रेघ

सोमारी : म्हंजे तो पिऊन नव्हता.

सोमाजी : नव्हता, बाई. कितीक डाव सांगू? गाडी घेतली त्या दिवशीच डोमानं सोडली होती. ह्याच बाजेवर बसून सांगतलं होतं त्यानं मले. आता हातात दुसऱ्याचा जीव हाय म्हणे, सोमाजीभाऊ, आता बंद.

बिरजू : काका, तुमी सांगता. पोलीस साहेबानं तर कागदावर लिवलं. 'वाहनात मोहाच्या दारूचा वास.' माहा सख्खा भाऊ होता तो. मले का बरं वाटते ते वाचून?

सोमारी : वास मोहाचा होता. दारूचा नव्हता. मी गेली होती ना तिथी. मले समजते.

बिरजू : तुले समजते, वयनी. साहेब पुण्याकडचा. मोह म्हटलं का त्याले बाटलीच दिसते.

सोमारी : म्हणूनच आली मी. मिस्त्रीभाऊ, आल्लापल्लीत तीस वर्सं झाली तुमाले. भामरागडपासून सारे तुमच्याकडेच येतात. आमची जीप दीड महिन्यापासून तुमच्या टिनाखाली उभी हाय. तुमी एक कागद लिहून द्या. ब्रेकाले काय झालं ते लिहा अन खाली शिक्का मारा.

सोमाजी : माह्या शिक्क्याले कोण विचारते वं? गॅरेजचा शिक्का तो.

सोमारी : दीपिका विचारते.

सोमाजी : हो, पोरगी कशी हाय? हाताचं पलस्तर निघालं?

सोमारी : निघालं. हात सरळ होते आता. तोंड मात्र उघडत नाई. आश्रमशाळेत पोरी म्हणतात, तुया बाप पिऊन होता, तुलेबी जिवानं मारत होता. ऐतवारी मी भेटाले गेली तर बापाचा फोटो नेला होता तिच्यासाठी. तिनं हातात घेतला नाई. घरी ने म्हणे, अन उलटा ठेव.

सोमाजी : अरे रे.

सोमारी : तिनं पाह्यलं ना सारं. गाडीत ती अन बाप, दोघंच. पहाटे निघाले शाळेत जाले, बाकीची सवारी ताडगावात बसणार होती. नाल्याच्या उतारावर गाडी थांबेचना. बापानं आपली बाजू झाडावर नेऊन घातली. पोरीची बाजू वाचली. तिले वाटते, झाड दिसलं नाई त्याले. पिऊन होता म्हणून.

बिरजू : बाई म्हणाल्या शाळेतल्या, कोण्या मिस्त्रीचा कागद आणा. साऱ्या पोरीसमोर वाचून दाखवतो.

सोमाजी : ब्रेक फेल झाले बाई. ब्रेकचा पायटा पार खाली गेला. आता यंत्रच ते. कवा दगा देईन, सांगता येते का?

सोमारी : असं नोका सांगू, भाऊ. तो तर म्हणे, गाडी दगा देत नाई, गाडी आधी सांगते, ऐकाले पाह्यजे. तुमीच शिकवलं होतं त्याले.

सोमाजी : शिकवलं होतं. शिकवलं होतं मी.

सोमारी : मग काऊन फेल झाले?

सोमाजी : तेल गळे. मागच्या डाव्या चाकात रबर असते, एवढंसं. ते खराब झालं होतं. मी म्हटलं डोमा, दोन दिवस गाडी सोड इथी, चाक खोलून रबर बदलतो. तो म्हणे, दिवाळी तोंडावर हाय, लोकं घरी जाची हायेत, दिवाळीनंतर सोडतो. मग मीच एका पाण्याच्या बाटलीत ब्रेकचं तेल भरून देल्लं. म्हटलं बॉनेटखाली पांढरी डबी हाय, तिच्यावर रेघ हाय. तेल रेघेच्या खाली गेलं का वरून टाकत जाय.

सोमारी : रेघ मलेबी दाखवली होती त्यानं. रोज पहाटे बॅटरी लावून पाहे.

सोमाजी : पाहे ना. तसा माणूस नाई पाह्यला मी ह्या रोडवर. बाकीचे टपावर वीस बसवतात, मागं लटकवतात ते अलग. हा दहावा माणूस बसू देत नव्हता. हासत लोकं त्याले.

बिरजू : उतार आला का साऱ्यायले खाली उतरवे. म्हाताऱ्या शिव्या देत. अन गाडी उभी केली का चाकामागं गोटा. हँडब्रेक बरा असला तरी गोटा.

सोमारी : गोटा अजून गाडीतच असंन. दीपिकाचं दप्तरबी. मी काढून आणतो. तवरीक तुमी लिहा.

(सोमारी टिनाच्या शेडकडे गेली. सोमाजीने टेबलाच्या खणातून लेटरपॅड काढले, पेन हातात घेतला आणि नुसताच बसून राहिला. दीड महिना तो त्या जीपजवळून जाताना मान फिरवून जात होता. माणूस गेला म्हणून वाईट वाटत होतेच, पण खरे सांगायचे तर त्याला मेलेल्या डोमाचा राग आला होता, आणि मेलेल्याचा राग कुणाजवळ बोलून दाखवायचा हे त्याला कळत नव्हते.)

बिरजू : काका, ती नाई तवा सांगून टाका. दुसरं काही हाय. तुमी तिच्याकडं पाहून बोलून नाई राह्यले.

सोमाजी : पहिल्याच दिवशी डबी उघडली मी. बोट बुडवलं, नाकाले लावलं. बिरजू, डबीत टोळीचं तेल होतं.

बिरजू : टोळीचं? मोहाच्या बियाचं? आपण दिव्यात जाळतो ते?

सोमाजी : तेच. तोच वास आला साहेबाले. ब्रेकचं तेल अलग असते रे. ह्या घरच्या तेलानं आतले रबर फुगून जातात, चहात बुडवलेल्या पावावानी. अन थंडीत ते गोठते. घरी पाहतच असशीन, पहाटे बाटली उलटी केली तरी पडत नाई. पाच वाजताची थंडी, नाल्याचा उतार. पाय दाबून दाबून मेला असंन.

बिरजू : डोमादादानं टाकलं ते?

सोमाजी : नाई तर कोणं? माही बाटली संपली असंन. एवढा रेघ पाहणारा माणूस, अन त्याले एवढं समजू नये? फोन केला असता तर मी कोणाच्याबी हातानं धाडलं असतं. त्याचाच राग येऊन राह्यला मले. आता हे पोरीसमोर कसं लिहू? तुया बापानं आपल्याच हातानं ब्रेक खराब केले, असं?

बिरजू : लिवा, काका. बेवडा होता यापेक्षा येडा होता बरं. येड्याचा फोटो कोणी उलटा नाई ठेवत.

सोमाजी : येडाबी नव्हता रे तो.

बिरजू : लिवा तरीबी. ती आली पाहा.

सोमारी : दप्तर भेटलं. गोटा पण सीटखाली होता. भाऊ, मी बॉनेटमधी वाकून पाह्यलं. डबीतलं तेल अजून रेघेच्या वर हाय.

सोमाजी : हो?

सोमारी : मग ते आधी लिहा. तेल कमी नव्हतं. त्याची तेवढी एक अट होती, रेघेच्या खाली असलं तर गाडी काढाची नाई. लिहा का डोमानं शेवटच्या दिवशीबी रेघ पाह्यली होती अन तेल रेघेच्या वर होतं. मले पक्कं ठाऊक हाय. मीच भरे.

बिरजू : कोण भरे?

सोमारी : मी. तुमची बाटली दिवाळीतच सरली, भाऊ. तो म्हणे, आता तेल रेघेखाली गेलं का सोमाजीभाऊकडून नवं येत नाई तवरीक गाडी नाई हालवत. अन शाळेतून निरोप, सोमवारी पोरगी हजर पाह्यजे, नाई तर नाव काटतो. गावात दुसरी गाडी लच्छूची, ती दोन दिवस आधीच भरलेली. मंग मी तो उठाच्या आधी जाऊन घरचं टाकलं. तुमचंबी तसंच पिवळं होतं ना. माह्या बापाच्या बैलाच्या खाचराच्या आसाले जन्मभर तेच वंगण लागलं, अन पेनापुढं, आमच्या देवापुढं, दिवाबी त्याचाच.

सोमाजी : डोमाले सांगतलं तू?

सोमारी : नाई. पाच दिवस रोज टाकलं. तो पाहे, तर तेल रेघेच्या वर. खुश झाला. म्हणे, सोमारी, गळणं थांबलं आपोआप, आता सोमाजीभाऊचे दोन दिवस वाचले. एवढा खुश होता का मी म्हटलं राहू दे. आल्यावर सांगू, हासू.

बिरजू : वयनी...

सोमारी : काय रे? तोंड काऊन असं केलं?

सोमाजी : काही नाई. सकाळपासून उपाशी हाय तो. बिरजू, बाईले पाणी दे. हे पाय सोमारी, मी लिहितो आता. 'मागच्या चाकाचं रबर खराब होतं, मिस्त्रीनं ते वेळेवर बदललं नाई, म्हणून ब्रेक फेल झाले. चालकाची चूक नाई, चालक नशेत नव्हता. चूक मिस्त्रीची.' खाली माही सही अन शिक्का.

बिरजू : काका, नोका.

सोमाजी : तू चूप राय. रबर मी बदलाले पाह्यजे होतं का नाई? गाडी इथून जाऊ द्याले नको होती का नाई? मंग खोटं का हाय त्यात?

सोमारी : तुमची चूक?

सोमाजी : माही.

सोमारी : दीड महिना तुमाले ठाऊक होतं, अन तुमी चूप बसले. पोरीले लोकं बेवड्याची पोरगी म्हणत, अन तुमी इथी चाकं खोलत बसले. तो तुमाले भाऊ म्हणे.

सोमाजी : म्हणे, बाई.

सोमारी : द्या कागद. मले अजून काही नाई बोलाचं तुमच्याशी. फक्त लच्छूच्या गाडीचं रबर तरी येळेवर बदला. तिचंबी गळते. त्याले इकडं याले जमत नव्हतं, तर काल मीच बाटली भरून देल्ली. म्हटलं ने, आमची गाडी पाच दिवस ह्याच्यावरच चालली.

सोमाजी : काय देल्लं?

सोमारी : टोळीचं तेल. आज बाजाराच्या बाया घेऊन निघाला तो.

सोमाजी : बिरजू, फोन लाव. लच्छूले फोन लाव आधी.

बिरजू : लागत नाई. लागत नाई, काका. जंगलात असंन.

सोमाजी : लावत राय. कवा निघाला तो? सोमारी, कवा निघाला?

सोमारी : आमच्या मागून. काऊन, भाऊ? तेलानं काय होते?

बिरजू : हॅलो. हॅलो, लच्छू? कुठी हायेस? ताडगाव? उभा राय तिथी. अरे उभा राय म्हणतो ना, गाडी पुढं नोको नेऊ. वयनीनं बाटली देल्ली ती, डबीत टाकली का? ... नाई टाकली? ... पक्कं नाई टाकली ना? ... सीटखाली हाय. बरं. टाकू नोको, सांडून दे. बायायले उतरव तिथीच. मिस्त्रीकाका येऊन राह्यले. ... मागून सांगतो, काऊन ते.

सोमाजी : नाई टाकली?

बिरजू : नाई. येळच नाई भेटला म्हणे त्याले.

सोमारी : भाऊ, मी विचारून राह्यली. तेलानं काय होते?

सोमाजी : बस, बाई.

सोमारी : नाई बसत.

सोमाजी : ते तेल ब्रेकाले चालत नाई, सोमारी. आतले रबर फुगतात त्यानं. अन थंडीत गोठते ते. तुले ठाऊक नव्हतं. कोण्याच बाईले ठाऊक नसते. ब्रेकचं तेल मी बिनानावाच्या बाटलीत देल्लं, पाण्याच्या. त्याच्यावर दोन शब्द लिहाची अक्कल मले नव्हती, तीस वर्सांत नाई आली.

सोमारी : पाच दिवस बरी चालली गाडी.

सोमाजी : चालते तशी. गावातल्या गावात, दिवसाच्या उन्हात चालते.

सोमारी : तो म्हणाला होता, गळणं थांबलं.

बिरजू : वयनी, चल घरी. उन्हं उतराच्या आधी पोचू. कागद राहू दे.

सोमारी : म्हंजे तो पिऊन नव्हता.

सोमाजी : नव्हता.

सोमारी : झाडबी त्याले दिसलं होतं.

सोमाजी : दिसलं होतं, बाई. पाहूनच नेली त्यानं त्याच्यावर. स्टेअरिंग पुरं आपल्या बाजूनं वळवलेलं हाय, अजूनबी तसंच हाय. ते मी लिहितो. तेवढं मी नक्की लिहितो.

सोमारी : तेही लिहा. अन वरचं खोडा. तुमचं नाव खोडा, माहं लिहा.

सोमाजी : अवं, हा कागद पोरीच्या हातात जाणार. साऱ्या शाळेसमोर वाचणार. तुले तिच्याबिगर कोण हाय आता? मोघम लिहू आपण. ब्रेक फेल. बस.

सोमारी : मोघम लिहिलं का म्हणतील, पिऊन होता म्हणून लपवलं. पुरं लिहा. सोमारीनं टाकलं, रोज पहाटे, न सांगता.

बिरजू : मंग तुयाच फोटो उलटा ठेवंन ती.

सोमारी : माहा फोटो नाई काढला कोणी.

सोमाजी : लिहवत नाई, बाई. माह्यानं लिहवत नाई हे.

सोमारी : लिहा, भाऊ. अन अक्षर जरा मोठं काढा. मले नाई येत, पण दीपिकाले वाचता येते.