आईचं स्वतःचं खातं

दातांच्या दवाखान्यात माझा नंबर यायचा होता. शेजारच्या बाकावर मायलेक बसले होते. आईच्या हातात फोन होता आणि मुलाच्या कपाळावर आठ्या.

"आई, नवीन मेल खातं कशाला उघडलंस? तुझं सगळं माझ्या खात्यावर येतंच की."

"म्हणूनच उघडलं. त्या हॉटेलवाल्या बाई भेटल्या काल. म्हणाल्या, पडदे शिवणं सोडलंत म्हणे?"

"अगं, त्यांच्या मेलला मी फक्त एवढंच कळवलं, की आई आता थकली."

"मला विचारलंस?"

"तुझे गुडघे बघून वाटलं..."

"माझं मशीन मोटरवर चालतं, गुडघ्यांवर नाही."

"बरं बाई. पण फुकटची खाती अशीच असतात. नुसत्या जाहिराती येतील."

"येऊ देत. जाहिराती माझ्या वतीने उत्तरं तर देत नाहीत."

"आणि पासवर्ड विसरलीस तर? घरातल्या कुणाचा तरी नंबर देऊन ठेव. माझा टाक."

"सूनबाईचा टाकलाय."

"तिला माहितीये हे?"

"कुठलं खातं सोपं पडेल, ते तिनंच तर शोधलं."

"म्हणजे मला सोडून सगळं ठरवलंत!"

"कसं वाटतं रे?"

आईने हातातल्या फोनवर बोट टेकवलं.

"तुझा फोन वाजला. बघ."

"तुझीच मेल आहे. 'मी थकलेली नाही. सोमवारी हॉटेलच्या खिडक्यांची मापं घ्यायला जायचंय. गाडीने सोडशील का? आई.'"

"मग?"

"सोडतो गं."

"असं तोंडी नको. मेलवर कळव. आणि या खेपेला स्वतःच्याच वतीने."