फाटक वाजलं तरी पळायचं नाही

...आणि वर मलाच विचारतात, "या वयात?" म्हणजे बघा, ओक्लाहोमात जन्म काढायचा, घोडा पाळायचा, आणि त्याला दोन गोष्टी नव्या शिकवायला निघालं की अख्ख्या गावाला एकदम वयाची आठवण! दुकानात खिळे आणायला गेलो तर, "काय ऑर्व्हिल, डीकनला शाळेत घातलास म्हणे, या वयात?" चर्चमध्ये गेलो तर आमचा पाद्री माझा हात हातात घेऊन असा हळहळला, जणू घोडा वारलाच, "ऑर्व्हिल... या वयात?" अहो, का नाही? एकोणीस वर्षांचा तर आहे! माझ्या निम्म्यानंही नाही!

तुम्हाला सांगतो, डीकन म्हणजे ऐरागैरा घोडा नव्हे. वासरं पकडायच्या स्पर्धेतला घोडा! आम्ही दोघांनी उभी काउंटी गाजवलीय. फाटक धाडकन उघडलं, वासरू सुटलं, की हा तोफेच्या गोळ्यासारखा मागे. मी फास टाकला की हा जागच्या जागी खिळणार, मी उजव्या अंगानं उडी टाकून वासराकडे धावणार, आणि हा न सांगता मागे मागे सरत दोर ताणून धरणार. मी वासराचे पाय बांधले, दोन्ही हात वर केले... की टाळ्या!

आणि गेल्या वर्षी मी पडलो. घोड्यावरून नाही हं! घराच्या पायरीवरून. मांजर आडवं आलं. पण खुब्यात पोलाद बसल्यावर दोष कुणाला? मांजराला? छे! घोड्याला! डॉक्टर म्हणाला, "उड्या बंद, धावाधाव बंद." आणि लॉरीन, म्हणजे आमची बायको, म्हणाली, "डीकन जातो ग्लेनकडे." ग्लेन हा तिचा भाऊ, राहतो न्यू मेक्सिकोत. त्याच्याकडे गेलेली वस्तू परत येत नाही हो! माझी शिडी गेली, ती अजून तिकडेच चढतेय!

मी म्हटलं, "आणि घोडा हळू चालायला लागला तर?"

लॉरीन इतकी हसली, इतकी हसली, की तव्यावरचा मक्याचा पाव करपला. "तो? हळू? फाटक वाजलं की तोंडातला घास टाकून पळतो तो! आणि शिकणार... या वयात?"

झालं! माझं डोकं सणकलं. म्हटलं, "जत्रेत वेस्टर्न प्लेझरमध्ये उतरवतो त्याला! एकदा जरी उधळला, तर ग्लेनला मी स्वतः फोन करीन!"

"आणि नाही उधळला तर राहील," लॉरीन म्हणाली. "शब्द म्हणजे शब्द."

आता हे वेस्टर्न प्लेझर म्हणजे काय, तर घोड्यानं मान खाली घालायची, लगाम सैल, आणि रिंगणात असं चालायचं, जणू रविवारचं जेवण जरा जास्त झालंय. कधी दुडकी, कधी संथ दौड, पण संथ म्हणजे किती? जो सर्वांत निवांत, तो पहिला! अहो, जन्मभर ज्याला 'पळ' म्हटलं, त्याला सांगायचं, 'बाबा रे, आता पळू नकोस, लोळ!'

पहिल्याच सकाळी डीकनवर बसून मी कॉफी पितोय, सैल लगाम, मान खाली, सगळं कसं देवळासारखं शांत... आणि लॉरीननं ट्रकची मागची फळी लावली. धाड! पुढचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा आम्ही शेजारच्या कुरणात, माझ्या डोक्यावर लॉरीननं दोरीवर वाळत घातलेली उशीची खोळ, समोर होल्कमबाईंची गाभण गाय थरथरतेय, आणि डीकन मान वळवून मला विचारतोय, 'मग? दोर कुठाय?'

पण हटलो का? मुळीच नाही! तो वेग धरू लागला की मी त्याला छोट्या गोलात वळवायचो, पुन्हा वेग, पुन्हा गोल, पुन्हा वेग, पुन्हा गोल, शेवटी त्यालाही गरगरलं आणि मलाही. आणि लॉरीन? पैज माझ्याविरुद्ध लावलेली, पण घोड्यावर अन्याय झालेला तिला बघवत नाही. रोज सकाळी फाटकापाशी उभी. फाटक धाड! की पुढे मूठभर ओट्स. धाड! की ओट्स. महिन्याभरात डीकन फाटक वाजलं की जिभल्या चाटायला लागला. उन्हाळा सरेपर्यंत तो इतका हळू झाला, तुम्हाला सांगतो, की त्याची सावली पुढे निघून जायची आणि कोपऱ्यावर त्याची वाट बघत थांबायची!

जत्रेचा दिवस. रिंगणात माझ्याशेजारी स्पर्धेला उतरलेली शार्लीन टटल, शर्टावर इतके चमकते खडे की तिच्या घोड्याचे डोळे दिपायला वेगळं ऊन नको. माझ्याकडे बघून म्हणते, "अगं बाई, दोघंही उतरलात? या वयात?"

शेवटचा स्वार आत आला आणि फाटक बंद झालं. धाड!

कठड्यावर अख्खं गाव वाकलेलं! डीकननं एक कान हलवला... ओठ चाटले... ओट्स दिसेनात, तेव्हा सुस्कारा टाकून मान खाली घातली. चालला! दुडकी! संथ दौड! उलटी फेरी! शेवटी सगळे मधे रांगेत उभे. परीक्षकबाई म्हणाल्या, "चार पावलं मागे." डीकन असा सरकला, जणू म्हातारा सरदार खुर्ची मागे घेतोय. आणि भोंग्यावर आवाज आला, "दुसरा क्रमांक... डीकन!"

आणि मग, तुम्हाला सांगतो, माझं मला कळलं नाही. उजव्या अंगानं माझी उडी पडलीसुद्धा! धावलो, परीक्षकबाईंशेजारी शोभेला ठेवलेल्या भोपळ्यावर गुडघा टेकला आणि दोन्ही हात वर!

टाळी नाही. एक नाही.

मागे डीकननं काय करावं? मालक उतरला, म्हणजे दोर ताणायचा! नसलेला दोर ताणत तो मागे, मागे, मागे... रांग मोडून, इतका शिस्तीत, की ते ध्यान बघून शार्लीनचा पहिला आलेला घोडा बिथरून उधळला आणि लिंबू सरबताच्या टेबलापाशी सापडला! डीकन मात्र कठड्याला शेपूट टेकून थांबला. पुतळा!

लॉरीन आली. मला भोपळ्यावरून उठवलं, खुबा चाचपला. "ऑर्व्हिल, घोडा उधळला?"

"नाही."

"मग राहील. शब्द म्हणजे शब्द."

मी टोपी उडवणार, तेवढ्यात म्हणाली, "आणि उडी कुणी मारली?"

तेव्हापासून रोज सकाळी डीकनवर लॉरीन बसते, आणि फाटकापाशी मी. ती लांबून ओरडते, "आपट!" मी आपटतो. डीकन जांभई देतो. आणि माझा पाय अजून उडीसाठी आपोआप उचलला जातो!

परवा ग्लेनचा फोन आला. घोड्याची चौकशी केलीच नाही, माझी केली. म्हणाला, "पाठवून दे इकडे." लॉरीन म्हणाली, "थांब जरा, अजून शिकवतेय त्याला."

या वयात!