एकशे ऐंशीच्या पुढे

हसू नका, मी स्वतः त्या गाडीत मागे बसलो होतो. लातूरला पाणी रेल्वेनं यायचं, त्या वर्षीची गोष्ट. आमच्या डाळमिलवाल्या विलासनं जपानी स्पोर्ट्स कार आणली. पण कंपनीनंच तिला असं बांधून ठेवलेलं की एकशे ऐंशीच्या पुढे ती जायचीच नाही. विलासला झोप लागेना. शेवटी गॅरेजवाल्या रफिक उस्तादनं लॅपटॉप लावून ते बंधन काढलं आणि बजावलं, “जाताना हळू घ्या मालक, इंजिन गरम होऊ द्या. येताना सोडा!”

आम्ही निघणार, तर विलासची आई रिकामा हंडा आणि कळशी घेऊन पुढच्या सीटवर येऊन बसली. “नांदेड रोडलाच चाललास न्हवं? मावशीच्या बोअरला पाणी हाय.”

येताना काठोकाठ भरलेला हंडा आईच्या मांडीवर, कळशी माझ्या. विलासनं पाय जरासा दाबला.

“एक थेंब सांडू दे, मग बघ,” आई म्हणाली.

ट्रॅक्टर आम्हाला मागे टाकून गेला. एक सायकलवाला तर काचेला लागून चालवत विचारत राहिला, “ॲव्हरेज किती देती?”

गॅरेजवर उस्ताद वाट बघत उभा होता. “किती पळाली मालक?”

“वीस.”

उस्तादचा चेहराच उतरला. तो लॅपटॉप आणायला वळला, तेवढ्यात त्याला आईच्या मांडीवरचा हंडा दिसला. “कंपनीचं काढलं मालक, हे माझ्याच्यानं न्हाई निघायचं!”

आईनं खाली उतरून बॉनेटवरून मायेनं हात फिरवला. “लई गुणाची गाडी हाय. थेंब न्हाई सांडला. उद्या दोन हंडे घेऊ.”