पेपरला न येणारा प्रश्न

मंडळी, मागच्यांनी जरा पुढे या. पारावर जागा आहे. भास्करच्या आई, मंगल, आणि जमलेल्या सगळ्या लहानथोरांनो.

मला बोलायला उभं केलंय, कारण मी इथल्या हायस्कूलात आयुष्यभर इतिहास शिकवला आणि भास्कर माझा विद्यार्थी. विद्यार्थ्याच्या शोकसभेत मास्तरने बोलायचं, हे उलटं आहे. माझ्या शोकसभेत त्याने बोलायला हवं होतं. बोललाही असता, चांगला तासभर. त्याला आवरायला कुणाला तरी मागून सदरा ओढावा लागला असता.

सकाळपासून मला शब्द सुचत नव्हते. आता पाहुण्यांची भाषणं ऐकली आणि सुचले, कारण राग आला. पाहुणे नाशिकहून वेळ काढून आले, त्यांचे आभार. पण ते म्हणाले, लोकशाहीचा खून झाला. मोठं कारस्थान आहे, धागेदोरे वरपर्यंत गेलेत. अहो, कसले वरपर्यंत? हे धागेदोरे आपल्या वेशीच्या तोरणापर्यंत जातात आणि तिथेच संपतात. पाहुण्यांना माहीत नसेल. तुम्हाला माहीत आहे. मला माहीत आहे.

पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे पोळ्याला वेशीत तोरण बांधतात. त्याखालून पहिली जोडी जाते ती मानाची. हा मान विलासच्या, म्हणजे माझ्याच दुसऱ्या एका विद्यार्थ्याच्या, काकांच्या घराचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. आता त्या घरात बैल नाहीत. तीन ट्रॅक्टर आहेत. मग दरवर्षी पोळ्याला हे दुसऱ्याची जोडी आणायचे, तिच्यावर स्वतःच्या घरची झूल टाकायचे आणि मिरवत पुढे जायचे. ज्याने ती जोडी वर्षभर सांभाळली, तो मागे उभा. आपण सगळे बघायचो. कुणाला त्यात काही वाटायचं नाही.

भास्करला वाटलं. सरपंच झाल्यावर त्याने ग्रामसभेत विषय मांडला, की ज्यांच्या गोठ्यात बैल आहेत त्यांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकू, ज्याचं नाव निघेल त्याची जोडी पहिली. हात कुणी वर केले? तुम्हीच केले. मीही केला. चिठ्ठी भास्करच्या आईने काढली आणि नाव निघालं जिजाबाईचं. नवरा गेल्यावर एकटीने दोन बैल जपणारी बाई. कासरा हातात धरून ती वेशीतून पहिली गेली, आणि रडत होती. बस. एवढंच झालं.

एवढ्यासाठी माणूस मारायचा?

मी चिडलोय, मंडळी. मला माफ करू नका, पण ऐकून घ्या. मी नववीच्या वर्गात राजवाड्यातले कट शिकवायचो. कुठल्या राजाला कुणी मारलं, कटात कोण कोण होतं. आणि फळ्यावर लिहायचो, कटाची पाच कारणे. प्रजेतील असंतोष. जुलमी कारभार. सत्तेची लालसा. वारसाहक्काचा वाद. परकीय चिथावणी. पोरं पाठ करायची. पाच कारणं लिहिली की पाच मार्क. सहावं कारण मी कधी लिहिलंच नाही. दरबारात एखाद्याची बसायची जागा मागे सरकली, त्याच्या आधी दुसऱ्याचं नाव घेतलं गेलं, आणि घरी जाऊन त्याला जेवण गेलं नाही. पुस्तकात कट करणारी माणसं फार मोठी दिसतात. आपल्या विलासला मी लहानपणापासून पाहतोय. त्याच्यात मोठं काय आहे, सांगा ना.

विलास आणि भास्कर एकाच बाकावर बसायचे. तिसऱ्या रांगेत, खिडकीशी. एकदा हा कटाचा धडा चालू होता आणि भास्कर उभा राहिला. म्हणाला, "सर, वाड्यात एवढी माणसं व्हती. पहारेकरी, आचारी, न्हावी. राजाला त्या दिवशी कोनीच कसं सांगितलं नाय?"

मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "पेपरला येत नाही. खाली बस."

तो बसला. वर्ग हसला. विलासही हसला.

आता त्या दिवसाचं बोलू. भास्कर सिन्नरला पंचायत समितीत गेला होता, आपल्याच पाण्याच्या टाकीच्या कामाला. दुपारी जेवायला घरी येतो, असं बायकोला, या मंगलला, फोनवर म्हणाला. फाट्यावर चिंचेखाली दहा वाजल्यापासून गाडी उभी होती, हे तुम्हीच माझ्या ओट्यावर येऊन कुजबुजलात. नंबरावर चिखल थापलेला. त्या रस्त्याने सकाळची एसटी आली. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला निघालेली पोरं गेली. भाजीची पिकअप गेली. दुधाची गाडी गेली. गाडीत कोण बसलंय हे सगळ्यांनी पाहिलं. एक-दोघांनी तर रामरामही घातला असेल. भास्करचा नंबर गावात प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. नळाला पाणी आलं नाही की तुम्ही दहा वेळा लावायचा. त्या दिवशी एकानेही लावला नाही. आणि दुपारी घरी जेवायला येताना भास्करला त्याच चिंचेखाली मारलं.

आणि पोलीस दारोदार फिरले, तर काय सांगितलं? "आम्ही शेतात व्हतो." प्रत्येक घरात हेच. अख्खं गाव शेतात! ज्यांना जमिनीचा तुकडा नाही, तेही शेतात. टपरीवाला शेतात. दाढी करणारा शेतात, आणि ज्याची दाढी चालू होती तोही शेतात.

परवा पोलीस ठाण्याचे साहेब मला म्हणाले, संशयावर विलाससह तिघांना धरलंय, पण ते म्हणतात आम्ही दिवसभर त्र्यंबकला दर्शनाला होतो. ती गाडी आणि ते तिघं फाट्यावर होते, असं सांगणारा एक माणूस मिळत नाही. असंच राहिलं तर सुटतील. सुटून इथेच येतील आणि पुढच्या पोळ्याला पहिले उभे राहतील. चालेल?

काल रामकुंडावर दहावा झाला. कावळा लवकर शिवेना. लोक म्हणायला लागले, इच्छा राहिली असेल, टाकीचं नाव घ्या, पोरीच्या शिक्षणाचं बोला. मंगल माझ्याजवळ आली. हळू आवाजात म्हणाली, "सर, मला मदत नको, फोटो नको, कमानीला त्यांचं नाव नको. कोनीतरी एवढं सांगावं, गाडी पाह्यली म्हनून."

भास्करच्या आई तर दहा दिवस एकच म्हणतायत, "चिठ्ठी म्याच काढली." आई, तुमच्या हाताचा काही दोष नाही. दोष कुणाचा, ते आता सांगतो, आणि सुरुवात माझ्यापासून करतो.

पोळ्यानंतर चौथ्या दिवशी विलास माझ्या घरी आला. ओट्यावर बसला, चहा घेतला. म्हणाला, "सर, भास्करला कायमचा आडवा केल्याबिगर काका ताटावर बसायचे नाय." मी ऐकलं. मी हसलो, मंडळी. म्हणालो, अरे होतील शांत, पुढच्या वर्षी मी बोलतो भास्करशी. माझ्यासाठी ते दोघं अजून तिसऱ्या रांगेतच बसलेले होते. आपल्याकडे रागाच्या भरात कोण काय बोलत नाही? विलास गेला आणि मी पेपर वाचत बसलो. भास्करचं घर माझ्यापासून चौथं. मी उठलो नाही. दुसऱ्या दिवशी भास्कर मला वाटेत भेटला, पाया पडला, तेव्हाही बोललो नाही. उगाच वाढायला नको, असं वाटलं. म्हणजे बघा, राजवाड्यातला पहारेकरी मीच होतो. धडा शिकवणाराही मीच.

उद्या सकाळी दहा वाजता मी सिन्नरला पोलीस ठाण्यात जाऊन जबाब देणार आहे. विलास काय बोलला, कधी बोलला, मी काय केलं नाही, सगळं. माझ्या एकट्याच्या जबाबाने भागणार नाही, हे साहेबांनी स्पष्ट सांगितलंय. मी ओट्यावर होतो, फाट्यावर नव्हतो. फाट्यावर तुम्ही होतात. साडेआठला मी इथे, या पारापाशी, जीपची वाट पाहत उभा राहीन. कुणाच्या घरी येऊन मी विनवणी करणार नाही.

भास्कर, तुझा प्रश्न बरोबर होता. माझं उत्तर चुकलं.

आता दोन मिनिटं उभे राहू. पण एक विनंती आहे. माना खाली घालू नका. गेले दहा दिवस त्या खालीच आहेत. मंगलकडे बघून उभे राहा.